घरचा उपाय

सिस्टरांकडे खोली भाड्यानं मागायला गेलो, तर त्यांनी आधी मला जीभ दाखवायला लावली.

"सिस्टर, मला खोली पाहिजे होती," मी म्हटलं.

"खोली देते ना गा. पहिले जीभ दाखव."

आता अमरावतीहून नागपूरला नवा आलेला माणूस, उन्हातून चालत आलेला, पाठीला बॅग. काय करणार? दाखवली जीभ. मग त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि प्रश्न सुरू केले. झोप लागते का, भूक कशी आहे, घरात कोणाला साखर आहे का, दारूचं काय. मी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत लागलो आहे, पगार वेळेवर होतो, हे सांगायला दोनदा तोंड उघडलं, तर "थांब, मोठा श्वास घे" म्हणाल्या. भाड्याचा विषय निघाला तो मी जिना उतरताना, आणि तोही मीच काढला.

बाहेर येऊन मनात म्हटलं, बाप्पा, हे घर आहे की ओपीडी? पण वरची खोली हवेशीर होती आणि कंपनीची बस तिथल्याच जरीपटक्याच्या चौकातून सुटायची, म्हणून राहिलो.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. शेवटी मेट्रन होत्या, पण सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. मुलगी मयुरी तेवढी आई म्हणे. नवरा, म्हणजे आमचे काका, तेही सिस्टरच म्हणत. उंच, काटकुळ्या, साडीच्या निऱ्या इस्त्रीनं कापाव्या तशा, पायांत अजून दवाखान्यातल्याच चपला, आणि चालताना पायांचा आवाज म्हणून नाही. मी खोलीत काही खात असलो की त्या पाठीमागे येऊन उभ्या राहिलेल्या असत. "तेल जास्त हाय त्याच्यात," एवढं बोलून परत जात. चिडायचो मी. अजूनही आठवलं की चिडतो.

निवृत्तीनंतर पेशंट संपले, पण सवय कुठं संपते? त्यांनी मशीनं हातात घेतली. घरातली, भाडेकरूंची, गल्लीतली. त्यांचं म्हणणं असं, की मशीन म्हणजे न बोलणारा पेशंट. लहान पोराचं कसं, त्याला सांगता येत नाही म्हणून आईला विचारतात. तसं मशीनच्या नातेवाइकांना विचारायचं, आणि विचारून झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. त्या मिक्सरला स्टीलचा पेला लावून कान देत. फ्रिजसाठी त्यांच्याकडे वेगळं थर्मामीटर होतं, ओळखू यावं म्हणून त्याला लाल दोरा बांधलेला. पाण्याची मोटर जास्त वेळ चालली की "आता आराम दे तिले" म्हणून बटण बंद करायच्या, मग माझ्या अंगावर साबण असला तरी.

प्रश्न मात्र ठरलेले होते. कधीपासून? कोणत्या टाइमाले? त्याच्या आधी काय झालं होतं? आणि चौथा प्रश्न त्या थोडा वाकून, आवाज खाली आणून विचारत: "घरचा उपाय काय केला?"

हा चौथा प्रश्न काय भानगड आहे म्हणून मी एकदा विचारलं.

"लोक रोग सांगतेत गा, घरचा उपाय नाही सांगत," त्या म्हणाल्या. "लाज वाटते त्यायले. कोणी जळल्यावर टूथपेस्ट लावते, कोणी कुत्रा चावला तं मिरची भरते. आणि डॉक्टरचा राउंड यायच्या आधी सारं पुसून टाकतेत. पेशंट एकदम चकाचक. मंग डॉक्टर बसते डोकं खाजवत."

मला ते पटलं नव्हतं. पुढं माझी स्कूटर बिघडली तेव्हा पटलं. ती घरून नीट निघायची आणि कामठी रोडला लागलं की बंद पडायची. थोडं थांबलं की परत चालू. दोन गॅरेजवाले झाले. सिस्टरांनी अंगणात उभं करून पहिले तीन प्रश्न विचारले, मग चौथा. मी म्हटलं, "काही नाही केलं." त्या नुसत्या पाहत राहिल्या. वॉर्डातल्या बायका त्या नजरेला घाबरत असतील यात नवल नाही. मग मला आठवलं, की पावसात पेट्रोलच्या टाकीत पाणी जाऊ नये म्हणून मी झाकणाखाली प्लास्टिक घट्ट बसवलं होतं. झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं, ते बंद. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना.

"पाहा," सिस्टर म्हणाल्या. "तू चांगल्यासाठीच केलं. सारे चांगल्यासाठीच करतेत."

प्लास्टिक काढलं, स्कूटर धावली. त्यानंतर महिनाभर त्यांनी गल्लीत ही गोष्ट सांगितली, ती वेगळी.

आता काकांची गोष्ट सांगितल्याशिवाय गाडीची गोष्ट कळायची नाही. काका मूळचे खाप्याचे. कन्हान नदीच्या काठचं ते गाव, तिथंच त्यांचं जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. एका उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी, कवेलू फेरायला वर चढले आणि पाय घसरून मानेवर पडले. जीव वाचला. खांदे हलत, कोपरं थोडी वाकत, बाकी शरीर पलंगावर. त्यात एक गोष्ट अशी, जी मला त्यांच्याकडे राहायला आल्यावरच कळली: मानेखाली त्यांना घाम येत नसे. तुम्हाआम्हाला ऊन लागतं, घाम येतो, अंग निवतं. काकांचं अंग नुसतं तापत जायचं, आणि खाली यायचं नावच नाही. म्हणून होळी झाली की त्यांची मागच्या खोलीत एसीत रवानगी, ती थेट पाऊस पडेपर्यंत. बाहेरचा नागपूरचा उन्हाळा त्यांच्यासाठी वाघ होता.

माणूस मात्र हसरा. मी संध्याकाळी त्यांच्याशी गप्पा मारायला जायचो. "काय गा, बाहेर झाडं हायेत का अजून?" असं विचारायचे.

आणि मयुरीचं लग्न ठरलं. मुलगा फौजेतला, खाप्याचाच. "आमच्यात मुहूर्त नाही पाहत, सुट्टी पाहतेत," सिस्टर म्हणाल्या, आणि पोराला सुट्टी मिळाली ती भर मे महिन्यात. लग्न खाप्यालाच, काकांच्या घरासमोरच्या मैदानात व्हावं, ही काकांची इच्छा. पडल्यापासून त्यांनी ते घर पाहिलं नव्हतं.

मयुरी म्हणाली, "बाबा कसे येतील? मी नाही करत मे महिन्यात."

"फौजी पोराची सुट्टी पुढं ढकलते का कोणी?" काका म्हणाले.

"मग इथंच करू. तुमच्या खोलीत, चार माणसांत."

"मी काय भिंतीवरचा फोटो हाय का, माह्यासमोर येऊन लग्न लावाले? मी येतो. तुह्या माईले विचार कसा येतो ते."

तिच्या माईला विचारायची गरज नव्हती. कोणी ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं, तर सिस्टर ताडकन म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्समध्ये बसून बाप पोरीच्या लग्नाले जात नसते. मी जिंदगीभर ॲम्ब्युलन्समधून लोक उतरवले. मले माहीत हाय ते दार उघडलं की लोक कसे पाहतेत."

इथं माझं तोंड नडलं. आमच्या कंपनीतल्या एका साहेबांनी हौसेनं मिनीबसची घरगाडी करून घेतली होती. आत पलंग, ओटा, बाथरूम, बाजूला मोठी काच, छतावर एसी. दोनदा पचमढीला जाऊन आले आणि हौस फिटली. गाडी शेडच्या मागं धूळ खात उभी होती. हे मी जेवताना सहज बोलून गेलो. पुढच्या रविवारी सिस्टर शेडच्या मागं हजर. त्यांनी गाडीला बोटांनी ठोकून पाहिलं, इंजिनाची तेल पाहायची पट्टी काढून "जीभ पाहून घेते" म्हणाल्या, एसी तासभर चालवायला लावला. छान चालला. गाडी जरीपटक्यात आली.

घराच्या बाजूच्या रिकाम्या जागेत ती उभी केली. वर हिरवी जाळी बांधली, घरातून जाड वायर ओढून वीज दिली. माझी खिडकी नेमकी वरच्या अंगाला, पण जाळीमुळे मला गाडीचं छत दिसायचं नाही. नुसती हिरवी जाळी, आणि तिच्यावर आमच्या गल्लीतली कावळ्यांची सभा.

विचार असा, की गाडी मांडवाला लागून उभी करायची, काच मंचाकडे, आणि काका आतून लग्न पाहतील. त्यासाठी रोज दुपारी तालीम. चादरीची झोळी करून सिस्टर, मयुरी आणि सुट्टी असली तर मी, असे तिघं काकांना गाडीत नेऊन झोपवायचो. एसी सुरू. काका काचेतून रस्त्यावरची गाय पाहून म्हणायचे, "नवरदेव आला वाटते."

आणि एसी बंद पडायचा.

सुरुवातीला गार हवा झकास यायची. मग ऊन चढलं की वर खट्ट आवाज, आणि कॉम्प्रेसर गप. पंखा नुसता घुमायचा, हवा कोमट, मग गरम. पत्र्याची गाडी, मे महिना. बघता बघता आत भट्टी. घाईघाईनं काकांना झोळीतून घरात. थोड्या वेळानं एसी आपला आपण सुरू, जसं काही झालंच नाही. परत खट्ट.

किशनभाऊ म्हणून चौकातले फ्रिज-एसीचे मेकॅनिक आले. ते जरीपटक्यातले सिंधी, मराठी बोलता बोलता हिंदीत घुसायचे. मागच्या शिडीनं वर चढले, डबा उघडला, मीटर लावला. त्यांच्यासमोर एसी असा चालला की थंडीनं मयुरीनं ओढणी गुंडाळली. "मशीन एकदम ओके है सिस्टर," म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी खट्ट. परत आले, कपॅसिटर बदलला. त्यांच्यासमोर उत्तम. दुसऱ्या दिवशी खट्ट. फिल्टर धुतले, थर्मोस्टॅट बदलला, व्होल्टेज तपासलं. ते असेपर्यंत एसीची काही तक्रार नाही.

"देखो सिस्टर, मी सांगतो काय होते," किशनभाऊ घाम पुसत म्हणाले. "कॉम्प्रेसर जास्त गरम झाला की आतला सेफ्टी कट मारतो. थंडा झाला की परत चालू. ये बीमारी नहीं है, ये बचाव है. सवाल ये है की तो इतका गरम काहून होते? आणि मी आलो की काहून नाही होत?"

"डॉक्टरले पाहून बीपी नॉर्मल होते, तसं दिसते," सिस्टर म्हणाल्या, आणि त्या खरंच विचारात पडल्या होत्या.

मला तर त्या एसीनं वेडंच केलं. कंपनीच्या बसमध्ये अर्धे इंजिनिअर. मी प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला गॅस कमी आहे, दुसरा म्हणाला गॅस जास्त आहे, तिसऱ्याला वायर बारीक वाटली, चौथा म्हणाला गाडीच विका. बुटीबोरी येईपर्यंत बसमध्ये एसीवरून भांडण. मी वायर बदलून आणली. काही उपयोग नाही. बंद पडण्याआधी आवाज कसा बदलतो, हे मी खाली उभा राहून ऐकत बसायचो, आणि मला जाणवलं की सिस्टरांसारखा मीही पेला शोधतोय.

सिस्टर दर दुपारी बादली घेऊन शिडीनं वर जायच्या. पुसायला जात असतील, असं आम्ही धरून चाललो. त्या काय पुसत नसत? गल्लीतल्या विजेच्या खांबालाही त्यांनी एकदा फडकं मारलं होतं.

मग एक दिवस व्हायचं तेच झालं. एसी बंद पडला तेव्हा सिस्टर घरात होत्या आणि मयुरी फोनवर होती. लक्षात येईपर्यंत काकांचा चेहरा लाल झाला होता, बोलणं जड. झोळी करून आत नेलं, ओल्या चादरी, पंखा, एसी. सिस्टर थर्मामीटर धरून बसल्या. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. मयुरी ओट्याशी उभी राहून रडत होती.

सिस्टर बाहेर आल्या आणि भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "उद्या एकडाव शेवटचं पाहू. मी बाजूलेच राहीन. उद्या बंद पडला तं हे घरी राहतीन. लग्न होईन, हे घरी राहतीन. बस."

काकांनी ते ऐकलं होतं. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. एका माणसाचं पोरीच्या लग्नाला जाणं एका डब्याच्या खट्ट आवाजावर टांगलेलं असावं, याचा मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. दुपारी काकांना गाडीत ठेवलं. सिस्टर दाराच्या पायरीवर बसल्या, मयुरी आत पायाशी, मी बाहेर शिडीजवळ. बराच वेळ छान चाललं. मग वरचा आवाज जड झाला आणि खट्ट.

सिस्टर उठल्या आणि झोळीची चादर उचलली.

"थांबा सिस्टर," काका म्हणाले. "या पेशंटचे नातेवाईक कोण हाय?"

"कोणत्या पेशंटचे?"

"या एसीचे. कोण बोलन त्याच्यासाठी?"

"चेष्टा नका करू. गरम होऊन राहिलं."

"मले होऊ द्या जरासं गरम. पहिले सांगा. कधीपासून बंद पडते?"

सिस्टरांच्या हातात चादर तशीच. "गाडी इथं आणली तेव्हापासून."

"साहेबाकडं?"

"तिथं चालत होता."

"कोणत्या टाइमाले बंद पडते?"

"ऊन चढलं का."

"त्याच्या आधी काय झालं होतं?"

"काही नाही झालं. चांगला होता."

"घरचा उपाय काय केला?"

"मी कायले घरचा उपाय करन? मी सिस्टर हाय!"

"म्हणूनच तं विचारून राहिलो," काका म्हणाले. "मी इथं दिवसभर छताकडं पाहत पडतो. मले वरतं पाणी टपकलेलं ऐकू येते. आणि वाळ्याचा वास येते. एसीत कुठला वाळा?"

आता हे ज्यांनी नागपूरचा उन्हाळा काढला नाही त्यांना सांगायला पाहिजे. मार्च संपत आला की इथं घरोघरी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, त्यांच्यावर दिवसभर पाणी झिरपतं, आणि पावसापर्यंत सगळ्या गल्ल्यांना तोच ओला वास. मे महिन्यात वाळ्याचा वास आला म्हणून कोणी मान वळवून पाहत नाही. म्हणून आमच्यापैकी कोणीही पाहिलं नव्हतं.

सिस्टरांचा चेहरा एकदम लहान झाला.

"उघड्यावर बसला हाय तो," त्या हळू म्हणाल्या. "आपण आत गारव्यात आणि तो बिचारा पत्र्यावर. हात लावला तं चटका बसते. ताप आल्यावर आपण कपाळावर पट्टी नाही ठेवत का? मी चारी बाजूनं ताट्या बांधल्या त्याले. पाणी मारते. वाळून जातेत ना लवकर, मंग अजून मारते."

"आणि किशनभाऊ येतात तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा सोडून ठेवते. मेकॅनिकपुढं तसं ओलं-घाण कसं..."

आणि तिथंच त्या थांबल्या. अर्ध्या वाक्यात. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, आणि मग कपाळावर असा हात मारला की गाडीत आवाज घुमला.

"अवं माय!" त्या म्हणाल्या. "राउंडच्या आधी पुसून टाकलं मी!"

मी शिडी चढून पाहिलं. एसीच्या डब्याला चहूबाजूंनी वाळ्याच्या जाड ताट्या, सुतळीनं पक्क्या बांधलेल्या, वर ओलं पोतं. आतली गरमी बाहेर फेकायच्या साऱ्या जाळ्या गच्च बंद. कूलरला ताटी लागते, कारण तो बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून आत ओढतो. एसीचं उलटं, त्याला मोकळा श्वास सोडायला जागा लागते. मी वरून हे सांगायला लागलो, तर सिस्टरांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"समजलं गा. तोंडावर उशी दाबली मी त्याच्या."

काकांना आधी घरात नेलं. मग सिस्टर स्वतः चढल्या, विळ्यानं सुतळ्या कापल्या आणि ताट्या एकेक करून खाली फेकल्या. त्या धपाधप मातीत पडल्या. थोड्या वेळानं एसी सुरू झाला. आम्ही खाली खुर्च्या टाकून बसलो, आणि खट्ट काही झालं नाही. ऊन उतरलं, कावळे गेले, तरी झालं नाही.

मग सिस्टर आत गेल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुमाले वास येत होता तं आधी काहून नाही सांगितलं?"

काका एरवी त्यांना सिस्टर म्हणत, अहो-जाहो करत, सारं चेष्टेत. तेव्हा मात्र तसं बोलले नाहीत.

"मले वाटलं तू माह्यासाठी लावली," ते म्हणाले. "किती वर्षं झाली मी एसीत. वाळ्याचा वास विसरलो होतो मी. तो आला तं खाप्याचा उन्हाळा आठवला, माय ताटीवर पाणी मारायची ते. म्हटलं, सांगितलं तं काढून टाकन ही. म्हणून नाही बोललो."

"म्हंजे तुमी बी लपवलं."

"पेशंट बी घरचाच असते ना वं."

सिस्टर त्यांची चादर नीट करत राहिल्या, नीट असलेलीच. मी बाहेर आलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि त्यांनी पाहिलं असतं तर पापणी ओढून तपासली असती.

लग्नाच्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी खाप्याला निघाली. उशीशी सिस्टरांनी एका वाटीत ओल्या वाळ्याची चिमूट ठेवली होती. काकांच्या घराजवळ आल्यावर मी त्यांना काचेतून घर दाखवलं. कवेलूच्या जागी आता पत्रे होते. काका बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "बरं केलं. पत्रे फेरा नाही लागत."

पत्रिकेत वेळ अकराची होती. आपल्याकडं अकरा म्हणजे एक. मांडववाल्यानं गाडीवर कापड ताणायचं कबूल केलं होतं, पण त्याचे बांबू पुरले नाहीत. गाडी मांडवाला लागून, काच मंचाकडे, आणि छत उघड्या उन्हात. आतली गरमी वाढू नये म्हणून काकांजवळ एकच माणूस, आणि तो मी. जनरेटरवर एसी चालला होता. मी काच सोडून छतातल्या एसीच्या जाळीकडेच पाहत होतो. कान तिथंच.

बुद्धवंदना झाली. पांढऱ्या साडीतली मयुरी मंचावर उभी होती. माइकवरून दोनदा पुकारा झाला, "वधूच्या मातोश्रींनी मंचावर यावं." मातोश्री काही दिसेनात. लोक मागं वळून वर पाहायला लागले, कोणी हसायला लागलं.

"काय पाहून राहिले लोक?" काकांनी विचारलं.

मी मागच्या काचेकडे गेलो. काचेबाहेर शिडी होती, आणि शिडीच्या वरच्या दांड्यावर मला दोन पाय दिसले. लग्नाच्या साडीचा काठ, आणि खाली सिस्टरांच्या त्या दवाखान्यातल्या चपला. मी मान वाकडी करून वर पाहिलं. मोठी काळी छत्री, दोन्ही हातांनी उंच धरलेली, एसीपासून चांगली हातभर लांब, कुठंही न टेकवलेली.

"सिस्टर आहेत काका. छत्री धरून उभ्या आहेत एसीवर."

"मंचावर नाही गेली?"

"नाही."

लग्न लागलं. लोकांनी फुलं टाकली. काकांनी कोपर वाकवून हात उशीवरून जरासा उचलला, तेवढाच उचलता येत होता, आणि काचेकडे केला. मयुरी गर्दीतून थेट गाडीकडे आली. काचेवर दोन्ही तळवे टेकवले, कपाळ टेकवलं. काका तिच्याकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं, ते मी पुसलं. मग ती काचेपासून बाजूला झाली. मला वाटलं मंचावर परत गेली.

शिडी करकरली. मागच्या काचेत त्या दोन चपलांजवळ मेंदीचा हात आला, आणि पायांवर टेकला. वरून सिस्टरांचा आवाज आला, "पडशीन ना वं पोरी! उतर खाली!" हात काही लगेच हलला नाही.

"काय चालू हाय वरतं?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाय, हात, छत्री. आणि म्हटलं, "काका, सावली पुरे झाली आता, एसी चांगला चाललाय. त्यांना खाली बोलावू का?"

काकांनी वाटीकडे तोंड वळवून एक मोठा श्वास घेतला.

"राहू दे गा," ते म्हणाले. "घरचा उपाय हाय तो."